दहा किलोची पिशवी

सिस्टरने कुत्र्यांच्या खाण्याची न फोडलेली दहा किलोची पिशवी उचलली, काट्यावर अलगद टेकवली आणि आकडा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली.

"दहा किलो पन्नास," ती मोठ्याने म्हणाली. "पन्नास ग्रॅम पिशवीचे धरले तर बरोबर."

डॉक्टर पाठमोरा उभा राहून हात धूत होता. मागून आकडा आला की तो आपण पुन्हा म्हणायचा, ही त्या दवाखान्याची जुनी रीत. सिस्टर जनावराचं वजन आणि औषधाचं माप मोठ्याने सांगणार, डॉक्टर तेच मोठ्याने परत म्हणणार, मगच सुई लागणार. पण पिशवीला काही टोचायचं नव्हतं. त्याने नळ उगाचच चालू ठेवला.

"काटेवाला येऊन गेला ना परवा?" शेवटी त्याने विचारलं.

"गेला. म्हणाला, काट्याला काय धाड भरलीय? म्हणजे खोट माझ्यातच." ती हसली. नवा चष्मा नाकावरून घसरला, तिने तो मनगटाने वर ढकलला. "डोळेवाला पण तेच. म्हणे, बाई, नंबर होता तोच आहे. मी म्हटलं, तरी द्या नवा. जरा जाड काचेचा मिळेल का विचारलं तर हसायला लागला मेला."

डॉक्टरने नळ बंद केला. आता काही बोलायला हवं होतं.

"रोज रोज कशाला ही पिशवी उचलता? कंबर धरेल."

"धरू दे. तेवढंच बरं वाटतं."

सिस्टर हे तिचं माणसांच्या इस्पितळातलं नाव. नोकरी बदलली तरी ते तिच्याबरोबर आलं. कुत्र्यामांजरांना सिस्टर काय नि मावशी काय, असं ती स्वतःच म्हणायची. पूर्वी सिरिंज भरायचं काम तिचं होतं. भुलीच्या औषधांच्या कपाटाला दोन चाव्या, एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. त्या शस्त्रक्रियेनंतर तिने आपली चावी त्याच्या टेबलावर आणून ठेवली होती. "माझ्याकडे नको. माप तुम्हीच घेत जा. मी आपली धरायला आणि पुसायला."

त्याने ती चावी उचलून खिशात टाकली होती. तेव्हापासून कपाट त्याचं एकट्याचं होतं.

"मी दुपारी नाहीये," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी लिफ्टवाल्या काकांची मॅडम येणारेय. टाके काढायला."

"माहितीये."

"मी तिला दोनदा काट्यावर घेईन," सिस्टर म्हणाली. "तुम्ही पण एकदा वाचा आकडा. माझ्या भरवशावर राहू नका."

*

सिस्टर, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी

*

गाडी बायको चालवत होती, डॉक्टर शेजारी बसून न बोललेलं वाक्य मनात जुळवत होता. ती शाळेत मुख्याध्यापिका. खोटं बोलणारं पोर तिला दारातूनच ओळखू यायचं. आणि आता गेले कित्येक दिवस ती स्वतः एक खोटं घडवत बसली होती, कोपरे घासून, कुठे टोचू नये असं.

"मणका," ती म्हणाली. "मणक्यासारखं दुसरं काही नाही. कोणी खोलात शिरत नाही. वर प्रत्येकाला स्वतःचाच मणका आठवतो आणि ते त्याच्याबद्दल बोलत बसतात."

"आईला?"

"आईंना पण मणका. दादांना पण मणका. दवाखान्याच्या दारावर पाटी, वैद्यकीय कारणास्तव बंद. खोटं नाहीच ते."

ते अगदीच खोटं नव्हतं. सुरुवात पाठीपासूनच झाली होती. एका म्हशीला उठवताना त्याची पाठ धरली, दुपारी दवाखाना रिकामा होता, कपाट समोर होतं. थोडंसं, दुखणं थांबण्यापुरतं. दुखणं थांबलं, आणि वर आणखी काहीतरी झालं. कोट काढून खुंटीला अडकवावा तसं शरीर बाजूला अडकवलं गेलं. छत हळूहळू दूर वाहत गेलं, भिंतींना श्वास फुटला, आणि तो कुणाचाच कुणी राहिला नाही. पाठ आठवड्याभरात बरी झाली. दुपारी मात्र तो एक्स-रेच्या खोलीचं दार आतून लावून घेऊ लागला.

बायकोला कळलं ते तो घरी विसरलेला मोबाइल द्यायला ती आली तेव्हा. सिस्टर जेवायला गेली होती, दाराची कडी नीट बसली नव्हती. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. तिच्याकडे पाहून तो अगदी सौजन्याने हसला होता आणि म्हणाला होता, "या ना. काय झालंय जनावराला?"

हे वाक्य बायकोने पुन्हा कधीही उच्चारलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलताना आधी त्याचे डोळे बघायची आणि मग बोलायची.

*

व्यसनमुक्ती केंद्राच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ खुर्च्या आणि पाण्याचा एक फिल्टर होता. त्यांनी मुद्दाम दुसऱ्या शहरातलं केंद्र निवडलं होतं, आणि तरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर सशेवाल्या काकू बसल्या होत्या. महिन्यातून एकदा पिंजरा घेऊन दवाखान्यात येणाऱ्या. डॉक्टर वळणार तेवढ्यात त्यांनी पाहिलंच.

"अगंबाई, डॉक्टर! तुम्ही इकडे? इथे कुणाकडे कुत्रंबित्रं आहे का?"

"मित्राला भेटायला आलोय यांच्या," बायको म्हणाली. तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

"हो का? मी पण. मैत्रिणीला."

तिघंही पाण्याच्या फिल्टरकडे बघू लागली.

"ससा खातोय का आता?" डॉक्टरने विचारलं.

"खातोय की. गाजराला तोंड लावत नाही, सोफा खातो."

"दात वाढले असतील. घेऊन या."

"आणते, आणते."

मग आतून एका मुलीने डोकं बाहेर काढून काकूंचं नाव पुकारलं, आडनावासकट, पुढे "चौथी भेट" असंही म्हणाली. काकू उठल्या. पर्स छातीशी धरून, कुणाकडेही न बघता दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"दवाखान्यात भेटू, डॉक्टर," त्या दाराकडे बघतच म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही. तुम्ही पण."

*

समुपदेशक बाई त्याच्याहून बऱ्याच लहान होत्या. केस वर बांधलेले, टेबलावर अर्धवट प्यालेला चहा. त्यांनी लाजेची कुठलीच तजवीज ठेवली नव्हती. वस्तूंची नावं घ्यावी तशी त्या रोगाची नावं घेत होत्या.

"भास घडवणाऱ्या औषधांची सवय," त्या म्हणाल्या. "तुमच्या व्यवसायात हे होतं. लघवीला जळजळ?"

डॉक्टरने बायकोकडे न बघता मान हलवली.

"ती तपासणी आजच करून घ्या. मूत्राशय खराब होतं याने, तुम्हाला सांगायला नकोच."

"यावर उतारा म्हणून काही..." तो म्हणाला. डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, सहकाऱ्याशी बोलावं तसं.

"दारूला आहेत गोळ्या. अफूच्या औषधांना आहेत. याला नाही. झोप येत नसेल, उदास वाटत असेल, तर त्याला देऊ. पण सवय सोडवणारी गोळी नाही. बोलणं आहे, माणसं आहेत आणि वेळ आहे. एवढंच सामान आहे आमच्याकडे."

त्याला हसू आलं आणि ते चुकीच्या जागी आलं, म्हणून त्याने खोकून घेतलं. इतकी वर्षं त्याने माणसांना हेच सांगितलं होतं, की औषध आहे, दोन दिवसांत शेपूट हलवायला लागेल.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. इथे राहायचं, महिना-दीड महिना, फोन जमा, घरच्यांनी रविवारी भेटायचं. किंवा सकाळी यायचं, दिवसभर गटात बसायचं, संध्याकाळी घरी. किंवा घरीच राहून आठवड्यातून दोनदा भेट आणि अधूनमधून, आधी न कळवता, लघवीची तपासणी. "माझं मत विचाराल तर आधी राहायला या. तुमचं दुकान आणि तुमची नशा एकाच कपाटात आहे, म्हणून."

"राहायचंच," बायको म्हणाली. "पण याहून लांब कुठे आहे का? लांबचं बघा."

"लांब गेलं म्हणजे लवकर बरं होतं असं नसतं, ताई."

"बरं होण्याचं नाही म्हणत मी. लोकांचं—" बायकोने वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिची मान किंचित खाली गेली. शाळेत तिच्या टेबलासमोर पोरांची जात असेल तशीच.

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"कुठेही गेलात, तरी एक दिवस तुम्ही परत त्याच कपाटासमोर उभे राहणार. चावी कोणाकडे असेल?"

"माझ्याकडे."

"एकच आहे?"

"दोन होत्या. एक सिस्टरांकडे असायची. त्यांनी परत केली."

"का?"

पंख्याची साखळी पंख्यावरच टकटक आपटत होती. एका शस्त्रक्रियेत भूल जरा कमी पडली, असं त्याने सांगितलं. होतं कधी कधी. सिस्टरना वाटलं, वजन त्यांनी चुकीचं वाचलं. मनाला लावून घेतलं.

"आणि भूल कमी का पडली होती?"

"जनावराचं सांगता येत नाही. प्रत्येकाची प्रकृती—" तो बोलत राहिला. वाक्यं नीट होती, एकातून दुसरी निघत होती. बोलता बोलता त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. ती त्याच्याकडे दारातून बघावं तशी बघत होती.

तिने पर्सची चेन ओढून बंद केली.

"आम्ही उद्या कळवतो," ती बाईंना म्हणाली.

"कळवा. एकच सांगते," बाई उठता उठता म्हणाल्या, "त्या कपाटापाशी जो माणूस असेल ना, त्याला सगळं माहीत असायला हवं. अर्धं माहीत असलेला माणूस काही कामाचा नाही."

*

शहराच्या शेवटच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर बायकोने समोरच बघत विचारलं,

"बाटलीत पाणी घातलं होतंस?"

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा तिने गाडी पुढे काढली.

"मला वाटत होतं, तू जे काय करतोयस ते फक्त स्वतःला करतोयस," ती म्हणाली. आणि पुष्कळ वेळाने, "तिने नवा चष्मा घेतलाय. मला दाखवत होती परवा."

"हं."

"तिला सांगितलंस तर मणका चालणार नाही."

"नाही चालणार."

तिने त्याला दवाखान्याच्या कोपऱ्यावर सोडलं. उतरताना त्याला वाटलं, ती काहीतरी सांगेल, सांग म्हणेल किंवा नको म्हणेल. तिने फक्त त्याच्या कोटाची आत दुमडलेली कॉलर बाहेर काढली.

*

सिस्टर, काटा

*

घरी त्याने त्या दिवसाबद्दल सांगितलं होतं, "आज जरा धावपळ झाली." बाईंना सांगितलं, भूल कमी पडली. घडलं होतं ते असं.

मॅडम म्हणजे लिफ्टवाल्या काकांची कुत्री. तपकिरी, एक कान कायम दुमडलेला. काकांनी उभं आयुष्य इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर ही मिळाली. मांडीवर लिंबाएवढी गाठ, काढायला अर्धा तास पुरे. सिस्टरने वजन वाचलं, माप सांगितलं, त्याने दोन्ही परत म्हटलं. भुलीच्या औषधाची बाटली त्याने आदल्या आठवड्यात अर्धी रिकामी केली होती आणि सलाइनचं पाणी घालून भरून ठेवली होती. हे त्याला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, असं तो आजवर स्वतःला सांगत आला होता. आठवलं होतं. एवढ्यात भागेल, असंही वाटलं होतं.

पाय लुळे पडले ते सोबत दिलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाने, जे शुद्ध होतं. तिला हलता येत नव्हतं. पण गाठीपाशी पोचल्यावर तिचा डोळा फिरला आणि त्याच्यावर येऊन थांबला, आणि मग तो आवाज आला. सिस्टरने तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. "डॉक्टर, जागी आहे ही, डॉक्टर, तिला सगळं कळतंय." त्याने धावत जाऊन नवी सीलबंद बाटली फोडली. मग ती झोपली. गाठ निघाली. टाके सुरेख पडले.

नंतर मोरीपाशी सिस्टर रडत होती. "माझंच चुकलं. मी वजन चुकीचं वाचलं असणार."

तो जवळ गेला होता. तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. आणि शांत, वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला होता,

"होतं असं कधी कधी, सिस्टर. मनाला लावून घेऊ नका."

त्याने तिला माफ केलं होतं.

*

"आल्या का आमच्या बाईसाहेब आत?" बाहेरच्या बाकावरून लिफ्टवाल्या काकांचा आवाज आला. "बिल तिच्याच नावावर करा, डॉक्टर. पेन्शन सगळी तीच खाते."

आत मॅडम टेबलावर आडवी पडली होती. निजवली तशी पडून राहिली होती, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. सिस्टरने तिचा पट्टा धरला होता.

"आधी वजन घेऊ," ती म्हणाली. "तुम्ही वाचा आकडा."

"सिस्टर, काटा बरोबर होता."

"तेच तर. काटेवाला पण—"

"तुम्ही पण बरोबर होतात. त्या दिवशी. वजन, माप, सगळं."

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. "मग?"

"बाटलीत निम्मं पाणी होतं. मी घातलेलं."

"तुम्ही कशाला पाणी घालाल?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिची नजर एक्स-रेच्या खोलीच्या दाराकडे गेली. दुपारी ते बंद असलं की ती येणाऱ्यांना सांगायची, डॉक्टर जरा पडलेत, दमतात हो बिचारे. ती दाराकडे बघत राहिली. मग तिने कपाटाकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. चेहऱ्याकडे मात्र पाहिलं नाही.

बाहेर काका कुणाला तरी सांगत होते, "चावत नाही हो, माझ्यासारखीच आहे, नुसता आवाज."

डॉक्टरने खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. दुसरीही काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. "मी राहायला जाणार आहे उपचाराला. दुसऱ्या गावात नाही, म्हणजे, आहे दुसऱ्या गावात, पण..." त्याला वाक्य सापडेना. "मणका नाही ते. कोणी काही म्हटलं तर."

ती आता ते वाक्य म्हणेल, असं त्याला वाटून गेलं. होतं असं कधी कधी. ती माणसांना असंच म्हणायची, मांजर गेलं तरी, रक्ताचा रिपोर्ट वाईट आला तरी. त्याने वाट पाहिली. किती वाट पाहतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याचे कान तापले.

सिस्टरने चष्मा काढला. एक काडी, दुसरी काडी दुमडली आणि तो एप्रनच्या खिशात ठेवला.

"डोकं धरा तिचं," ती म्हणाली.

"टाके मी—"

"मी काढते. तुम्ही डोकं धरा."

तो टेबलाच्या त्या टोकाला गेला, जिथे ती त्या दिवशी उभी होती. मॅडमने आपली हनुवटी त्याच्या तळहातात सोडून दिली, सगळ्या वजनासकट. तिचा एक डोळा वर फिरला आणि त्याच्यावर येऊन थांबला. तो बाजूला बघू शकला असता. सिस्टरची कात्री एकेक दोरा कापत गेली, चिमट्याने ओढून कापसावर ठेवत गेली. कुत्री एकदाही हलली नाही.

मग सिस्टरने तिला उचलून काट्यावर उभं केलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाकून पाहिलं.

"बावीस किलो चारशे."

ती थांबली. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"बावीस किलो चारशे," तो म्हणाला.

तिने दोन्ही चाव्या उचलल्या आणि चष्म्याच्या खिशात टाकल्या. हात पुसले. दार उघडून ते पाठीने धरून ठेवलं.

"काका, आत या जरा. डॉक्टरांना बोलायचंय तुमच्याशी."

"काय, वजन वाढवून ठेवलंय का तिने?" म्हणत, बाकाचा आधार घेत काका उठले आणि हसत हसतच आत आले.